डाव्या चाकाची खालची निपल
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मार्च १९८१ ला आपण दहावीची परीक्षा दिली, त्याला आता ४४ वर्षं झाली. भाषण करायची माझी ही पहिलीच वेळ. शाळेत असताना मला फळ्यापुढं उभं केलं की पाय लटपटायचे, ते आत्ताही लटपटतायत. संयोजकांनी सांगितलं, ‘तू त्या जुन्या गाड्यांचं काम करतोस, त्यावर बोल.’ म्हणून उभा राहिलो. पण बोलता बोलता एक कबुली द्यायची आहे, ती सरांच्या समोर द्यायची आहे. त्यासाठीच खरं तर आलोय.

बाहेर वडाखाली जी फिक्कट हिरवी गाडी उभी आहे आणि जिच्याभोवती मघापासून सगळी पोरं जमली आहेत, ती मॉरिस मायनर. मॉडेल १९५९. गाडी माझी नाही. पुण्यातल्या एका गृहस्थांची आहे, मी त्यांना काका म्हणतो. काकांचं वय आता ८८, त्यांची मुलगी गाडी चालवते. मी गेली तीस वर्षं ती सांभाळतो. आज मेळावा आहे म्हटल्यावर ताईंनी किल्ली हातात ठेवली. सकाळी निघालो, पाटसला चहा घेतला, मग बारामती, भवानीनगर, अंथुर्णे करत निमगावात आलो.

ही गाडी अलेक इसिगोनिस नावाच्या माणसानं आखली आणि १९४८ साली ती लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांनी पाहिली. दहा लाख खपलेली ही पहिली ब्रिटिश मोटार. आपल्याकडं तीच ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून यायची. अँबॅसिडर सगळ्यांनी पाहिली आहे, तीही मूळची मॉरिसच, ऑक्सफर्ड मॉडेल. म्हणजे ज्या गाडीतून आपले पुढारी निवडणुकीला यायचे ती या गाडीची थोरली बहीण.

आमच्या घरी पानमळा होता हे तुम्हाला माहीत आहे. दादा पहाटे पानं खुडायचे आणि आई, आत्या, आम्ही भावंडं ओसरीवर बसून एकेक पान उलटसुलट बघून लावायचो. डाग पडलेलं पान बाजूला. मला कंटाळा यायचा. मी एकदा वरचीवर बघून शंभर-दीडशे पानं लावून टाकली. दादांनी थप्पी हातात घेतली, मधलं एक पान ओढून काढलं, ते नासकं होतं. ते म्हणाले, ‘हे पुण्याला पोचेपर्यंत शेजारची दहा नासवंल.’ तेव्हा मी ते ऐकलं आणि विसरलो.

दुसरी गोष्ट सरांची. सर, तुम्हाला आठवत नसेल. दहावीला लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याची लांबी बदलायची, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. त्या दिवशी मला मॅच खेळायला जायचं होतं. मी प्रयोग केलाच नाही. उत्तर ठाऊक होतं, सूत्र उलटं लावलं आणि वेळेचे आकडे वहीत भरले. प्रत्येक लांबीला उत्तर तंतोतंत ९.८. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, ‘हातानं घेतलेल्या निरीक्षणात थोडी तरी चूक असते रे. तुझ्यात एकही नाही.’ शाळा सुटल्यावर मला एकट्याला प्रयोगशाळेत थांबवलं. सगळी निरीक्षणं पुन्हा घ्यायला लावली. अंधार पडत आला तरी सर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. माझं उत्तर ९.६ आलं. सरांनी त्यावर सही केली. दादांना काही सांगितलं नाही, वर्गातही कधी बोलले नाहीत.

पुढं आयटीआय केलं, पुण्यात एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. मालकांकडं जुन्या विलायती गाड्या यायच्या. तिथं पहिल्याच आठवड्यात मार खाता खाता वाचलो. नटाला तेरा नंबरचा पाना लावला आणि जोर दिला. तो नट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलीमीटर. पाना घसरला, नटाचे कोपरे गोल झाले. या गाड्यांना इंची पाने लागतात, हे तेव्हा कळलं.

लांबच्या रॅलीला गाडी तयार करायची म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं, इंजिन ताकदवान केलं की झालं. तसं नसतं. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोठी शर्यत झाली होती. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्या मुंबईपर्यंत ७२ पोचल्या आणि तिथून बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत पोचताना पुढं होती ती जिंकली नाही. शेवटच्या टप्प्यात पुढं असलेली सित्रोएन सिडनी दीडेकशे किलोमीटरवर असताना समोरून आलेल्या गाडीला धडकली. जिंकली हिलमन हंटर, अगदी साधी घरगुती गाडी. ती फक्त शेवटपर्यंत चालत राहिली. आपल्याकडं पालखी निघायच्या आधी रथाच्या बैलांना पत्र्या मारतात, वारकरी चपलेला टाके घालून घेतात. त्यातलंच हे.

मॉरिसचं इंजिन ९४८ सीसी, ताकद ३७ अश्वशक्ती. तिला ताशी साठ-पासष्टनं पळवायचं, दोन तासांनी थांबवायचं. निघण्याआधी रेडिएटर काढून उलट्या बाजूनं पाणी सोडून धुवायचा. व्हॉल्व्हची फट इंजिन थंड असताना बारा थाऊ ठेवायची. एसयू कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यात पातळ ऑइल आहे का बघायचं, ते नसेल तर गाडी उचल खाताना गचके देते. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की टकटक वाजतो आणि पेट्रोल भरलं की गप्प होतो. टकटक थांबलीच नाही तर समजायचं, टाकी रिकामी आहे नाहीतर कुठंतरी गळती आहे. अजिबात वाजला नाही तर पान्याच्या दांड्यानं हळूच एक टिचकी मारायची. घाटात तापून बंद पडला तर ओलं फडकं गुंडाळायचं.

या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आत्ताच्या गाड्यांच्या बरोबर उलटा. वाटेतला इलेक्ट्रिशियन हमखास उलटं जोडायला जातो. म्हणून मी बॅटरीवर चिठ्ठी चिकटवली आहे, मराठीत आणि कानडीत.

आणखी एक गंमत. २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, तेव्हा या इंजिनांना कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवाव्या लागल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्यानं जुन्या रबरी नळ्या खराब होतात, सगळ्या बदलाव्या लागतात. ते इथेनॉल कशाचं? काही उसाचंही! तेव्हा आपल्यातले जे ऊसवाले आहेत, त्यांचं आणि माझं असं दोन्ही बाजूंनी दुकान चालू आहे.

आता मुद्द्याचं.

२००६ च्या जानेवारीत काका आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं, सात जुन्या गाड्या घेऊन पुणे ते कन्याकुमारी जायचं. साधारण पंधराशे किलोमीटर. मॉरिसमध्ये काका, काकू आणि मेकॅनिक म्हणून मागच्या सीटवर मी. दोन महिने तयारी केली. १२० कामांची यादी वहीत लिहिली होती, झालं की पुढं बरोबरची खूण.

मॉरिसच्या पुढच्या चाकाला एक उभी पिन असते, तिच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्या आट्यांवर ट्रनियन फिरतो. गाडी वळते ती त्यावर. त्याला ग्रीस लागतं, दर हजार मैलांनी. एका बाजूला दोन निपल, एक वर, एक खाली. ग्रीस नसेल तर आटे झिजत जातात. बाहेरून काही दिसत नाही, आवाज येत नाही. एक दिवस पिन सुटते आणि चाक दुमडून गाडीखाली जातं.

निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता मी ग्रीसगन लावली. तीन निपलनी ग्रीस घेतलं. डाव्या चाकाची खालची घेईना. आत जुनं ग्रीस वाळून दगड झालं होतं. निपल काढून, आतलं साफ करून, चाक जॅकवर घेऊन पुन्हा भरायला तासभर लागला असता. मी दमलो होतो. म्हटलं, सकाळी करू. आणि यादी पुरी दिसावी म्हणून खूण करून टाकली.

सकाळी हार, नारळ, फोटो, पेपरवाले. मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी चित्रदुर्गजवळ पेट्रोल भरलं. काकांनी पंपातून बाहेर पडायला स्टेअरिंग पूर्ण वळवलं. गाडी चालण्याच्या वेगात होती. खाडकन आवाज झाला आणि गाडीनं डावा गुडघा टेकला. चाक आत दुमडलेलं. काकूंचं डोकं काचेला हलकंसं लागलं, बाकी कुणाला काही नाही. मी उतरलो, खाली वाकून बघितलं आणि तिथंच बसलो. कारण अर्ध्या तासापूर्वी आम्ही हायवेवर दोन ट्रकच्या मधून सत्तरनं चाललो होतो.

सगळे जमले. कुणी म्हणालं, जुनी गाडी आहे, चालायचंच. कुणी म्हणालं, रस्ताच खराब. काका मला म्हणाले, ‘तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू दोन महिने जीव तोडून काम केलंस.’ काकूंनी स्वतःच्या हातानं मला चहा दिला. बाकीच्या सहा गाड्या पुढं गेल्या. आम्ही मॉरिस ट्रकवर चढवली आणि परत फिरलो.

खरं कुणालाच कळलं नसतं. आटे झिजलेले होते, वय झालं म्हटलं की विषय संपत होता. माझं तेव्हा नुकतंच स्वतःचं गॅरेज झालं होतं, डोक्यावर कर्ज होतं. काकांच्या ओळखीनंच निम्मी गिऱ्हाइकं यायची. ट्रकच्या केबिनमध्ये रात्रभर मी गप्प होतो. मला सारखी ती प्रयोगशाळा दिसत होती आणि दारातली खुर्ची.

कराडला ट्रक थांबला तेव्हा मी वही काढली, ते पान उघडलं आणि काकांना सांगितलं. ‘हे काम मी केलं नव्हतं. खूण खोटी आहे.’

काका कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ती गाडीत होती रे.’ काकूंबद्दल. एवढंच. पुण्यापर्यंत आमचं बोलणं झालं नाही. मला वाटलं, संपलं आता.

चार महिने ती गाडी त्यांच्या घरी तशीच उभी होती. मेमध्ये फोन आला, ‘ये, आणि वही घेऊन ये.’ गेलो. त्यांनी त्या खुणेवर काट मारली, शेजारी तारीख घातली आणि म्हणाले, ‘दुरुस्त कर. निपल मला दाखव, मगच खूण. आणि खूण मी करणार.’ प्रत्येक काम झालं की ते खुर्ची टाकून शेजारी बसायचे, खाली वाकून बघायचे आणि मग पेन काढायचे. २००७ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. काकूही आल्या. सहाव्या दिवशी कन्याकुमारीला पोचलो. वाटेत एक फॅनबेल्ट आणि एक कंडेन्सर गेला, दोन्ही बरोबर होते. परत येताना सासवडच्या अलीकडे काकांनी वही आणि पेन माझ्याकडं दिलं.

सर, ही कबुली तुम्हाला द्यायची राहिली होती. तुम्ही शिकवलेलं मी एकदा विसरलो. त्यात तीन माणसं जाऊ शकली असती, त्यातला एक मी.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाकडं वडिलांची जीप असेल, जुना ट्रॅक्टर असेल, येझदी असेल. विकू नका, पण नुसती पुसून उभीही करू नका. महिन्यातून एकदा तरी दहा किलोमीटर फिरवा. रबर जेवढं आहे ते सगळं बदला, ब्रेकचं आधी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं. ग्रीस भरताना चाक उचलून भरा आणि नवं ग्रीस फटीतून बाहेर आलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत दांडा सोडू नका.

मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. दर वर्षी पालखी इंदापूरला पुढं गेली की त्यानंतरच्या रविवारी मी शाळेत येणार. नववी-दहावीच्या मुला-मुलींना, हो, मुलींनाही, एक इंजिन उघडून दाखवायचं, पुन्हा जोडायला लावायचं. इंजिन मी आणतो. पान्यांचा संच आपल्या बॅचनं मिळून घ्यावा अशी विनंती आहे. इंचीसुद्धा घ्या.

आता बाहेर या आणि गाडी बघा. हॉर्न वाजवायला हरकत नाही. काल रात्री निघायच्या आधी मी चारही निपल भरल्या. डाव्या चाकाची खालची शेवटी घेतली. नवं ग्रीस बाहेर आलं, बोटानं पुसलं आणि मग वहीत खूण केली. वही गाडीच्या डाव्या खणात आहे. सर, एकदा बघून त्यावर सही कराल का?