व्हिसाच्या फाईलीत पोरीचं नाव

(लोहा येथे महाविद्यालयीन मुली आणि त्यांच्या आया यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि दारापाशी उभ्या असलेल्या वडीलमंडळींनो, आत येऊन बसा, जागा आहे.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'परदेशी शिक्षण आणि व्हिसा'. तो वाचून काही जणी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. आपल्याकडे पोरीला नांदेडला होस्टेलवर ठेवायचं म्हटलं तरी घरात आठ दिवस वाद चालतो, आणि ही बाई लंडन-अमेरिकेच्या गोष्टी सांगायला आली! पण खरं सांगते, पोटगीची, मारहाणीची तक्रार घेऊन बायका माझ्याकडे ज्या बाकावर बसतात, त्याच बाकावर हल्ली अधूनमधून एखादी पोरगी प्लास्टिकची फाईल मांडीवर घेऊन बसलेली असते. प्रवेशाचं पत्र आलेलं असतं. गुण चांगले असतात. आणि तक्रार एकच, "ताई, कागद जुळत नाहीत."

मी एजंट नाही, समाजकार्य शिकलेली बाई आहे. पण 'कागद जुळत नाहीत' हे वाक्य मी रोज ऐकते. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. निराधार योजनेच्या अर्जात विधवा बाई जिथं अडते, तिथंच ही शिकलेली पोरगी अडते. म्हणून हा विषय आपल्या गटाचा आहे.

आधी साधी गोष्ट. पासपोर्ट आपलं सरकार देतं. व्हिसा म्हणजे ज्या देशात जायचं त्या देशानं दिलेली आत येण्याची परवानगी. देश कोणताही असो, फिरून फिरून ते तेच विचारतात. तू कोण? पैसा कुणाचा? आणि शिकून झाल्यावर काय करणार? मुलालाही हेच विचारतात. पण मुलाचे कागद जन्मल्यापासून एका रेषेत चाललेले असतात. आपले तसे नसतात.

'तू कोण' हेच घ्या. गावच्या जन्मनोंदीत कित्येक मुलींच्या नावाची जागा कोरी आहे. बापाचं नाव, आईचं नाव, लिंग स्त्री, एवढंच. बारसं झालं, पेढे वाटले, पण ग्रामसेवकाकडे जाऊन नाव चढवायला कुणी गेलं नाही. पासपोर्टसाठी शाळेचा दाखला चालून जातो, म्हणून ते कुणाला खुपत नाही. पण इंग्लंडच्या व्हिसासाठी बापाच्या खात्यातला पैसा दाखवायचा झाला, की ही त्याचीच मुलगी याचा पुरावा म्हणून जन्मदाखला मागतात. आणि दाखल्यावर मुलगीच नाही! नाव नंतर चढवता येतं, अर्ज करावा लागतो. घरी गेल्यावर आज रात्रीच पेटी उघडून बघा.

मग लग्न. दहावीच्या सनदेवर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव. बारावीनंतर लग्न झालं, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, हौस झाली. आधारवर सासरचं नाव चढलं. पुढं बी.एस्सी. केली, तर पदवीवर कधी हे नाव, कधी ते. ही एकच बाई आहे हे परदेशातल्या अधिकाऱ्यानं कशावरून ओळखायचं? त्याला आपली रीत माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. मग विवाह नोंदणीचा दाखला आणा, राजपत्रात नावबदल छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा. या धावपळीत प्रवेशाची तारीख निघून गेलेली मी पाहिली आहे.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवता येतं. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र खात्यानं नियम आणखी सैल केले. आई किंवा बाप, कुणा एकाचं नाव दिलं तरी चालतं, विवाहाचा दाखला लागत नाही, आणि घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईनं नवऱ्याचं नाव द्यायची सक्ती नाही. आपल्या गटातल्या एकट्या आयांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला सांगावं.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना पुस्तकातून माहीत आहेत. त्या जन्मानं यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या वेळी त्यांना कुणी व्हिसा मागितला नाही. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदाच १९२० साली झाला. त्यांना अडवायला समाज पुरेसा होता. आज त्या निघाल्या असत्या, तर यमुना आणि आनंदी एकच कशा, हे आधी सिद्ध करावं लागलं असतं. आणि आपल्या भागापुरतं बघायचं तर १८९५ साली हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. लोहा, कंधार, नांदेड तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं. त्यांचे वडील तिथल्या कॉलेजचे प्रमुख होते. आपल्या पणज्या त्या साली कुणाच्या तरी रानात निंदत होत्या.

आता पैसा. इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त फाईली इथंच फुटतात.

इंग्लंडचा नियम असा की फी आणि राहण्याचा ठरलेला खर्च खात्यात सलग २८ दिवस पडून पाहिजे. एक दिवस जरी रक्कम खाली आली तरी अर्ज जातो. आणि पैसा विद्यार्थिनीच्या स्वतःच्या, नाहीतर आईबापाच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यात पाहिजे. आपल्याकडे पोरीच्या शिक्षणाला उभा राहतो तो बहुतेक वेळा मामा. पण मामाचं खातं त्यांना चालत नाही, मग त्यानं आपली लाल कंधारी बैलजोडी विकून पैसे भरलेले का असेनात. जर्मनीची रीत वेगळी. तिथं सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, पण राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात, आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम तेवढी सुटते. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे, तो बदलत असतो.

मग कर्ज. वडील म्हणतात, दहा एकर रान आहे, काळजी कशाला? पण मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला नको म्हणते. थकलेल्या कर्जात तारण जप्त करायचा २००२ चा जो कायदा बँका वापरतात, तो शेतजमिनीला लागू नाही, हे त्यातलं कारण. त्यांना बिगरशेती प्लॉट, पक्क्या कागदाचं घर किंवा ठेव पाहिजे. आपल्या गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. साहेब तो उलटसुलट करून बघतो आणि परत देतो.

आणि ते रान तरी कुणाच्या नावावर? १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतर तलाठ्याच्या कचेरीत हक्कसोड पत्रांची रीघ लागली. बहीण सही करते, भाऊ साडी देतो. पुढं तिच्याच लेकीच्या कर्जाला हमी लागते तेव्हा त्याच भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. तो चांगला असेल तर सही देतो. मावश्यांनो, भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. सही करण्याआधी आपल्या लेकीचं वय किती आहे ते बघा, एवढंच.

शिष्यवृत्त्या आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी वर्षाला १२५ जागा, त्यात ३० टक्के मुलींसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. सरकारी शिष्यवृत्ती पूर्ण मिळाली की खात्यातल्या रकमेचा घोर बराच कमी होतो. पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. २०२५ साली केंद्राच्या यादीतल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं मिळाली, बाकीच्यांना निधी आला तर बघू म्हणून सांगितलं. विद्यापीठ तेवढं थांबत नाही. शिवाय उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी हे सगळं बापाकडच्या कागदांवर चालतं. बाप सोडून गेलेल्या घरातल्या पोरीनं आजोबांचा शाळेचा दाखला मागायला कुणाच्या पाया पडायचं? यावर आपल्या गटानं समाजकल्याण खात्याला निवेदन दिलं पाहिजे, हे मी मुद्दाम इथं बोलून ठेवते.

या सगळ्या अडचणींवर एजंटाकडे एकच औषध असतं. "काळजी करू नका, बॅलन्स आम्ही दाखवतो." महिनाभर व्याजानं पैसे खात्यात फिरवायचे, नाहीतर पत्रच खोटं करायचं. माळेगावच्या जत्रेत घोडा घेताना आपण त्याचे दात बघतो, इथं चकचकीत ऑफिस बघून सही करतो. २०२३ साली कॅनडात पंजाबच्या पोरांवर परत धाडण्याची वेळ आली होती. एजंटानं दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली, आणि ते पोरांना तिथं काही वर्षं शिकून झाल्यावर कळलं. इंग्लंड फसवणूक सापडली तर १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारू शकतं. बंदी लागते ती पोरीवर, एजंटाच्या दुकानाचं शटर दुसऱ्या दिवशी वरच असतं. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि मूळ सनद कुणाच्या ताब्यात नाही, हे दोन नियम पाळा.

अमेरिकेचं वेगळं. तिथं मुलाखत होते, आपल्याला मुंबईला जावं लागतं. काचेपलीकडून दोन-चार मिनिटं बोलतात. त्यांचा कायदा असं धरून चालतो की अर्ज करणारी तिकडेच राहायला निघाली आहे, तसं नाही हे दाखवायचं काम आपलं. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, पैसे कोण भरणार, हे इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. पाठ केलेलं लगेच कळतं. आपल्या पोरी हुशार असतात, पण परक्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू नको असं वीस वर्षं शिकवलेलं असतं, ते खिडकीपाशी आड येतं. वडील बाहेर रस्त्यावर थांबलेले असतात, उत्तर तिलाच द्यायचं असतं. म्हणून आपल्या बैठकीत दर रविवारी एकीनं अधिकारी व्हायचं आणि दुसरीनं उत्तरं द्यायची. हसू येतं, येऊ द्या. आणखी एक, जून २०२५ पासून अमेरिका विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगते. त्रास देणाऱ्या पोरांमुळे जिनं खातं बंदिस्त केलंय, तिनं आधी त्यातले फोटो, नंबर नीट तपासावेत.

लग्न झालेल्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडनं संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून बाकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको, मुलं बरोबर आणायला बंदी केली. पुरुष लेकराला बायकोजवळ ठेवून वर्षभर जातो, त्याला कुणी विचारत नाही. बाई गेली की लेकराचं काय, हा प्रश्न सासरी पहिला. नियम दोघांना एकच, पण भार तिच्यावर पडतो.

मघाशी मागून एका मावशीनं विचारलं, "नाही म्हणाले तर?" नाही म्हणतात. फी परत मिळत नाही. पण नकार म्हणजे कलंक नव्हे, पुन्हा अर्ज करता येतो. इंग्लंडवाले कारण लेखी देतात, तो कागद फाडायचा नाही, जपून ठेवायचा. पुढच्या अर्जात नकार लपवायचा नाही, विचारलं तर खरं सांगायचं. आणि तोवर त्या पोरीसाठी स्थळ बघायला सुरुवात करायची नाही. नकार आलेल्या एका मुलीच्या घरी आठवड्याच्या आत पाहुणे आले होते.

तिकडचं वर्ष बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात सुरू होतं. जन्मदाखला, नावबदल, पासपोर्ट यांना महिने जातात. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचाय त्यांनी सगळे कागद घेऊन येत्या रविवारी या. झेरॉक्स नको, मूळ आणा. कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे ते आपण एका वहीत लिहून काढू.