जिनवाणीचे सचित्र वैभव



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सचित्र हस्तलिखितांविषयी चार शब्द निवेदन करण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. मंदिराचे शिखर दुरूनही दृष्टीस पडते; बासनात बांधलेली पोथी मात्र सोडल्याखेरीज दिसत नाही.

कर्नाटकातील मूडबिद्री येथील धवला ग्रंथाच्या ताडपत्रांवर बाराव्या शतकाच्या आरंभीची चित्रे आहेत. पुढे कागद रूढ झाला आणि चित्रकाराला अधिक अवकाश लाभला. गुजरात-राजस्थानात कल्पसूत्र व कालककथेच्या अनेक सचित्र प्रती सिद्ध झाल्या. तांबडी पार्श्वभूमी, गडद निळा रंग, सोनेरी शाई आणि चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला डोळा ही त्यांची ओळख होय. दिगंबर परंपरेत आदिपुराण व यशोधरचरित्र यांच्या सचित्र प्रती झाल्या. डॉ. मोतीचंद्र यांनी १९४९ साली पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, डॉ. सरयू दोशी यांनी दिगंबर भांडारांतील चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

आपला विदर्भही या कार्यात मागे नाही. कारंजा येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांनी ग्रंथ जतन केले. अमरावतीस प्राध्यापक असताना डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील पोथ्यांच्या आधारे 'णायकुमारचरिउ' (१९३३) व 'करकंडचरिउ' (१९३४) प्रकाशात आणले. १९६६ साली त्यांनी 'सुगंधदशमी कथा' संपादित केली. तीत अठराव्या शतकातील मराठी कवी जिनसागर यांची रचना नागपूरच्या सचित्र पोथीतील चित्रांसह आहे. भाद्रपद शुद्ध दशमीस आपल्या माता-भगिनी जे व्रत करतात, त्याचीच ती चित्रकथा!

अशा पोथीचे शेवटचे पान विशेष मोलाचे असते. लेखनाचे स्थळ, काळ आणि दात्याचे नाव तेथील पुष्पिकेत मिळते. दिल्लीजवळील पालम येथे १५४० साली लिहिलेल्या महापुराणाच्या पुष्पिकेमुळे त्या काळातील उत्तर भारतीय चित्रशैलीचा कालनिर्णय करण्यास मोठी मदत झाली. म्हणूनच एखादे सुटे चित्र विकले गेले, वा जीर्ण पोथी श्रद्धेने नदीत विसर्जित झाली, तर इतिहासाचा साक्षीदारच हरपतो. पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात, हेही ध्यानी असावे.

माझी विनंती एवढीच. जुन्या पानांना चिकटपट्टी लावू नये, त्यांना प्लास्टिकमध्ये बंद करू नये. स्वच्छ सुती वस्त्रात बांधून कोरड्या जागी ठेवावे. श्रुतपंचमी असो वा ज्ञानपंचमी, शास्त्रपूजनाच्या दिवशी घरोघरच्या पोथ्यांची नोंद न्यासाच्या वहीत व्हावी. पूजनाबरोबर वाचन आणि जतन घडेल, तेव्हाच जिनवाणीची खरी सेवा होईल.

जय जिनेंद्र!