चार्जिंग केंद्र कोठे असावे?



विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ या वर्षी धोरणे जाहीर केली. ही वाहने आता सोलापूरकरांना नवी राहिलेली नाहीत. प्रश्न उरतो तो त्यांना वीज कोठे मिळावी हा. शहरात ३ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनात किमान एक चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्र शासनाने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. परंतु त्या चौकोनातील नेमकी जागा कोणती, हे केवळ नकाशावरून ठरत नाही.

ते ठरविण्याचे एक साधन म्हणजे संगणकावर उभी केलेली वाहतुकीची प्रतिकृती. जर्मनीत २००१ पासून विकसित होत असलेली ‘सुमो’ ही आज्ञावली यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. तीत शहराचे रस्ते, सिग्नल आणि प्रत्येक वाहनाचा दिवसभराचा प्रवास मांडता येतो. अंतर कापले जाते तशी बॅटरी उतरते आणि कोणते वाहन कोठे, केव्हा, किती वेळ थांबते हे दिसते.

सात रस्ता येथे वर्दळ मोठी, म्हणून केंद्र तेथेच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धावत्या वाहनाला वीज भरता येत नाही. रिक्षा उभी राहते ती रेल्वे स्थानकाबाहेर आणि रात्री चालकाच्या घराजवळ. समजा, एका वस्तीत सायंकाळी सात वाजता २० रिक्षा प्रत्येकी ३ किलोवॉटने वीज घेऊ लागल्या. घरांचा व यंत्रमागांचा भार वाहणाऱ्या रोहित्रावर आणखी ६० किलोवॉट पडतील. त्याच रिक्षा रात्री दोन पाळ्यांत विभागल्या, तर हा वाढीव भार निम्म्यावर येईल. रोहित्र जळण्यापूर्वीच हे कळणे सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मात्र संगणकाला आपण सांगू तेवढेच कळते. कुंभारी येथील रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरांचे वितरण झाले. त्यापूर्वीच्या वाहनगणनेवर विसंबल्यास त्या कामगार कुटुंबांचे येणेजाणे हिशेबातच येणार नाही. उलट, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत केलेली मोजणी वर्षभराची मानली, तर गर्दीचे चित्र फुगेल.

म्हणून अधिकाऱ्यांनी वाहनांची मोजणी व रोहित्रांवरील भार यांची माहिती एकत्र आणावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने रिक्षाथांब्यांची नोंद करावी. ज्यांच्या घरी वाहन लावण्यास जागा नाही, अशा कुटुंबांची माहिती पंचायत सदस्यांनी द्यावी. प्रतिकृतीत ज्याची नोंद नाही, त्याच्या दाराशी केंद्रही येणार नाही. ही नोंद पूर्ण करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.