एक जागा आणि तीन खेळाडू

पूर्वीच्या लढायांत हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली, कीं फौजेचा धीर सुटे. शस्त्रें तींच, माणसें तींच. पण ज्याच्याकडे पाहून सर्वजण लढत असत तो एक मनुष्य दिसेनासा झाला, म्हणजे हजारोंचा पराक्रम क्षणांत निष्फळ होई. खेळाच्या मैदानावर अशी अंबारीची जागा पाहावयाची असेल, तर ती अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलमध्यें पाहावी. तिकडे या जागेस क्वार्टरबॅक असें म्हणतात. ही जागा रिकामी पडली म्हणजे संघावर कोणता प्रसंग ओढवतो, आणि तो कोणाच्या बळावर निभावतो, हें ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या २०१४ सालच्या हंगामांत जितकें स्पष्ट दिसलें, तितकें क्वचितच दिसलें असेल.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायानें खेळला जातो तो खेळ नव्हे. यांतला चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातांतच असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात आणि मैदान शंभर यार्ड लांब असतें. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड साधले, तर पुन्हां चार प्रयत्न. न साधले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला, म्हणजे सहा गुण मिळतात. त्यास टचडाऊन म्हणतात.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं मधला गडी आपल्या दोन पायांमधून चेंडू मागें देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातीं. तेथून पुढें त्याला साधारणपणें तीन सेकंदांचा अवकाश असतो. धिप्पाड गडी त्याला खालीं पाडावयास धांवून येत असतात. तेवढ्या अवधींत चेंडू शेजारच्या धांवणाऱ्या गड्यास द्यावा, दूर पळत सुटलेल्या सोबत्याकडे फेंकावा, कीं स्वतःच घेऊन पुढें घुसावें, याचा निर्णय त्यानें करावयाचा. निर्णय चुकला तर चेंडू शत्रूच्या हातीं पडतो, आणि दहा जणांची मेहनत पाण्यांत जाते.

शिवाय या जागेचें एक वैशिष्ट्य असें, कीं ती एकाच वेळीं एकालाच मिळते. इतर जागांवरील राखीव गड्यांस सामना चालू असतां आळीपाळीनें मैदानावर जावयास मिळतें. क्वार्टरबॅक मात्र सहसा बदलत नाहींत. सरावाचा वेळ मोजका, आणि त्यांतील मोठा वांटा पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूस. दुसऱ्याच्या वांट्यास उरलेला वेळ, आणि तिसऱ्यानें बहुधा पाहावयाचें. व्यावसायिक संघाचा खेळाडू जायबंदी झाला, तर तो संघ पैसे मोजून दुसरा अनुभवी मनुष्य आणूं शकतो. कॉलेजास तो मार्ग हंगामाच्या मध्यें मोकळा नसतो. त्यास आपल्याच विद्यार्थ्यांतून, म्हणजे अठरा ते बावीस वर्षांच्या तरुणांतून, निभावून न्यावें लागतें.

ओहायओ स्टेट विद्यापीठ कोलंबस शहरीं आहे. तेथील क्रीडांगण १९२२ सालचें, घोड्याच्या नालाच्या आकाराचें. त्यांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. २०१४ सालीं अर्बन मायर हे संघाचे प्रशिक्षक होते, आणि क्वार्टरबॅकच्या जागीं ब्रॅक्स्टन मिलर हा विख्यात खेळाडू होता. ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या मंडळांत, चढाई करणारा सर्वोत्तम खेळाडू म्हणून २०१२ आणि २०१३ अशीं दोन्ही वर्षें त्याचा गौरव झाला होता. साऱ्या योजना त्याच्या पायांतील चपळाईवर आधारलेल्या. परंतु हंगाम सुरू होण्यास दोन आठवडेही उरले नसतांना, सरावांत चेंडू फेंकतां फेंकतां, शस्त्रक्रिया झालेला त्याचा उजवा खांदा पुन्हां निकामी झाला. मिलर सबंध वर्ष बाहेर राहणार, हें ठरून गेलें.

त्याच्या जागीं जे. टी. बॅरेट हा टेक्सासमधील १९ वर्षांचा तरुण उभा करण्यांत आला. शाळेच्या अखेरच्या वर्षीं गुडघा दुखावल्यामुळें त्याचें खेळणें अर्ध्यावर थांबलें होतें, आणि कॉलेजांत आल्यावर पहिलें वर्ष त्यानें बाहेर बसूनच काढलें होतें. पहिला सामना त्यानें जिंकून दिला. परंतु ६ सप्टेंबर रोजीं व्हर्जिनिया टेकच्या संघानें कोलंबस येथें येऊन ओहायओचा ३५–२१ असा पराभव केला. प्रतिपक्षानें आपले बहुतेक गडी पुढच्या रेषेजवळ दाटीनें उभे करून, ‘फेंकतां येत असेल तर फेंकून दाखव’ असें जणूं आव्हानच दिलें. बॅरेटनें २९ वेळां चेंडू फेंकला. सोबत्यांच्या हातीं तो ९ वेळांच पोंचला, आणि ३ वेळां शत्रूनें झेलला. त्याचें रक्षण करणाऱ्या पांच जणांपैकीं चौघे त्या वर्षीं नवखे होते. त्या रात्रीं तो ७ वेळां खालीं पाडला गेला.

अशा वेळीं दोष कोणास द्यावयाचा हें लोक आधींच ठरवून ठेवतात. पण मायर यांनीं बॅरेटला दूर केलें नाहीं. नवखे रक्षक सामन्यागणिक सुधारत गेले, आणि त्यांच्याबरोबर बॅरेटही. पुढील एकही सामना त्यानें हरूं दिला नाहीं. हंगामांत त्याच्या फेंकीवर ३४ आणि त्याच्या स्वतःच्या धांवण्यावर ११, असे ४५ टचडाऊन झाले. बिग टेन मंडळांत तोंपर्यंत कोणीं एका हंगामांत एवढे केले नव्हते. मिलरचें नांव मागें पडूं लागलें.

आणि मग २९ नोव्हेंबर उजाडला. मिशिगन या पिढीजात प्रतिस्पर्ध्याशीं सामना चालू असतां, अखेरच्या चतुर्थांशाच्या आरंभींच बॅरेटच्या उजव्या पायाचा घोटा मोडला. सामना ४२–२८ असा जिंकला गेला. पण आठवड्यानंतर मंडळाचा अंतिम सामना होता, आणि उभा करावयास उरला होता तो तिसरा मनुष्य, कार्डेल जोन्स.

क्लीव्हलँडचा हा उंचापुरा, भक्कम बांध्याचा तरुण बॅरेटच्या आधीं विद्यापीठांत आलेला होता. तरीही बॅरेट त्याच्या पुढें गेला होता. लोकांस त्याचें नांव ठाऊक होतें, तें खेळामुळें नव्हे. २०१२ सालीं, आम्ही येथें खेळावयास आलों, शिकावयास नव्हे, मग हे वर्ग कशाला, अशा अर्थाचें एक उतावीळ वाक्य त्यानें जाहीरपणें लिहून टाकलें होतें, आणि तें देशभर हंशाचा विषय झालें होतें. अशा खेळाडूच्या हातीं, त्यानें एकाही सामन्याचा आरंभ केलेला नसतांना, एका लाखाच्या क्रीडांगणाची प्रतिष्ठा सोंपविण्याची वेळ आली. संघाचे हितचिंतकही धास्तावले, यांत नवल नाहीं.

६ डिसेंबर रोजीं इंडियानापोलिस येथें विस्कॉन्सिनशीं गांठ पडली. जोन्सनें १७ वेळां चेंडू फेंकला, त्यांतील १२ फेंकी अचूक पडल्या, त्यांवर २५७ यार्ड मिळाले, आणि तीन टचडाऊन झाले. ते तिन्ही डेव्हिन स्मिथ या एकाच गड्यानें झेलून साधले. सामना ५९–० असा संपला. त्या वर्षीं चार संघांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरत होती. निवड समितीच्या यादींत पांचवा असलेला ओहायओचा संघ दुसऱ्या दिवशीं चौथा झाला आणि आंत आला. १ जानेवारी २०१५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें अलाबामाशीं सामना झाला. आरंभीं २१–६ असा मागें पडलेला ओहायओचा संघ शेवटीं ४२–३५ असा जिंकला. १२ जानेवारीस टेक्सासमध्यें ओरेगनवर ४२–२० असा विजय मिळाला, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद कोलंबसला आलें. मंडळाचा अंतिम सामना, राष्ट्रीय उपांत्य सामना आणि राष्ट्रीय अंतिम सामना, हेच जोन्सनें आरंभ केलेले पहिले तीन सामने!

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. या तिन्ही सामन्यांत एझिकिएल एलियट हा धांवणारा गडी प्रत्येक वेळीं २०० यार्डांहून अधिक धांवला. आणि सप्टेंबरांत नवखे असलेले रक्षक डिसेंबरांत भिंतीसारखे उभे होते. तिसऱ्या मनुष्यास उभें राहतां आलें, कारण त्याच्याभोंवतीं उभा संघ होता. अंबारींतील मनुष्य बदलला, पण हत्ती हलला नाहीं.

कथा येथेंच संपती, तर ती केवळ सुखान्त झाली असती. पण पुढचें वर्ष अधिक शिकवून जातें. २०१५ सालीं तिघेही संघांत होते. उणीव जाऊन वैपुल्य आलें, आणि वैपुल्याचें संकट उणिवेहून सोपें नसतें. मिलरनें आपण होऊन ती जागा सोडली. तो चेंडू झेलणारा गडी झाला, आणि व्हर्जिनिया टेकविरुद्धच्या पहिल्याच सामन्यांत गर्रकन् गिरकी घेऊन ५३ यार्डांचा टचडाऊन करून बसला. राहिले दोघे. मायर यांनीं आरंभीं जोन्सला उभें केलें. सात सामन्यांनंतर बॅरेटला पुढें आणलें. संघ जिंकत होता, पण आदल्या वर्षींची धार दिसत नव्हती. आज कोणाची पाळी, हा प्रश्न जेथें रोज उभा राहतो, तेथें एकाग्रता दुभंगते.

२१ नोव्हेंबर २०१५ रोजीं मिशिगन स्टेटनें कोलंबस येथें, अगदीं अखेरच्या क्षणीं चेंडू पायानें खांबांमधून मारून, १७–१४ असा विजय मिळविला. सलग २३ विजयांची मालिका तुटली. विशेष हें, कीं त्या दिवशीं मिशिगन स्टेटचाच नेहमींचा क्वार्टरबॅक दुखापतीमुळें बाहेर बसला होता, आणि सामना त्यांच्या दोघां राखीव खेळाडूंनीं खेळला. आदल्या वर्षीं ओहायओनें जो धडा इतरांस दिला, तोच त्यास त्याच्या घरीं परत मिळाला.

या तिघांपैकीं एकही पुढें व्यावसायिक मैदानावर क्वार्टरबॅक म्हणून स्थिर झाला नाहीं. मिलर झेलणारा म्हणून गेला; जोन्सची २०१६ सालीं चौथ्या फेरींत निवड झाली, पण त्याला खेळावयास फार थोडें मिळालें; बॅरेट विद्यापीठाचा तीनदां कर्णधार झाला, तरी व्यावसायिक निवडींत त्याचें नांव आलें नाहीं. म्हणजे तें अजिंक्यपद कोणा एका अलौकिक पुरुषानें मिळविलेलें नव्हतें. ज्याची पाळी येण्याची आशा नव्हती, त्यानेंही पाळी उद्यांच आहे असें समजून तयारी ठेवली होती, हेंच त्याचें मूळ.

२०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंस, एक वर्ष न गमावतां दुसऱ्या विद्यापीठांत जाण्याची मोकळीक मिळाली. बाकावर बसणाऱ्या तरुणास त्यांत न्याय आहे; त्याचें आयुष्य केवळ दुसऱ्याच्या दुखापतीची वाट पाहण्यासाठीं नाहीं. पण त्यामुळें तिसरा मनुष्य तिसरा म्हणून थांबणें दुर्मिळ झालें, आणि प्रत्येक प्रशिक्षकास ही जागा राखणें पूर्वीपेक्षां अवघड झालें.

जोन्सची गोष्ट मात्र आणखी थोडी उरते. अजिंक्यपदानंतर व्यावसायिक खेळांत जाण्याचा मोह त्यास होता. तरी जानेवारी २०१५ मध्यें त्यानें क्लीव्हलँड येथील एका शाळेंत येऊन, आपण शिक्षणासाठीं विद्यापीठांत परतणार असल्याचें जाहीर केलें. व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही त्यानें अभ्यासक्रम सोडला नाहीं. मे २०१७ मध्यें तो पदवीधर झाला, आणि वर्ग कशाला हवेत असें एकदां विचारणारा तो तरुण पदवीदानाच्या दिवशीं आपल्याच जुन्या वाक्यावर मोकळेपणानें हंसला.