फाउंडेशन इयरचा हिशोब
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी चुलीपुढे असाल, कुणी बांधावर, कुणी गटाच्या बैठकीला निघाल्या असाल. थोडा वेळ आमच्याजवळ बसा. आजचा विषय लेकी-लेकरांच्या कॉलेजचा आहे, आणि गटाच्या पैशाचाही आहे.

बारावीचा निकाल लागला की घरात पूर्वी एकच वाद असायचा. पुढं शिकवायचं की स्थळं बघायची? आता त्यात नवीन प्रश्न आलाय, "परदेशात पाठवायचं का?" तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सल्लागारांचे फलक लागलेत. असाच एक रंगीत कागद आमच्या एका गटाच्या बैठकीत आला. त्यावर लिहिलं होतं, 'बिझनेस इकॉनॉमिक्स पदवी, फाउंडेशन इयरसह, ब्रिटन'. गटातल्या एका ताईंच्या लेकीसाठी तो होता. सल्लागारानं फी सांगितली होती दीड लाख, आणि ताईंनी तेवढं कर्ज गटाकडं मागितलं होतं. बारा बायकांच्या त्या गटाची सगळी गंगाजळी सव्वादोन लाखांची.

शिक्षणासाठी कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण एका आजींनी विचारलं, "हे फाउंडेशन इयर म्हंजे काय गं? पाया खणायचं वर्ष का?" उत्तर कुणालाच देता येईना. म्हणून आम्ही समन्वयक मैत्रिणी बसलो. तिथल्या विद्यापीठांची आणि सरकारची माहिती वाचली. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवतोय. आकडे 2025-26 या वर्षाचे आहेत.

आधी विषय समजून घेऊ. बिझनेस इकॉनॉमिक्स म्हणजे व्यावसायिक अर्थशास्त्र. धंद्यातले निर्णय हिशोबानं आणि तर्कानं कसे घ्यायचे, ते यात शिकवतात. उडीद डाळ महागली, तर पापडाचा भाव किलोमागं दहा रुपये वाढवावा का? वाढवला तर आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक तुटेल, पण लग्नसराईची ऑर्डर तुटणार नाही. यालाच पुस्तकात मागणीची लवचिकता म्हणतात. पिठाची गिरणी घेतली तर जागेचं भाडं दळण आलं तरी द्यायचं, नाही आलं तरी द्यायचं. तो झाला स्थिर खर्च. विजेचं बिल दळणाप्रमाणं वाढतं, तो बदलता खर्च. गावात एकच दूध संकलन केंद्र असेल तर भाव कोण ठरवतं? तिथं मक्तेदारीचा धडा येतो. याच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र, हिशोबलेखन, बँका आणि व्याजदर. म्हणजे गटात आपण जे अनुभवानं करतो, त्यामागचं शास्त्र. लेकीला ते शिकावंसं वाटतं याचा अभिमानच वाटायला हवा.

आता त्या आजींचा प्रश्न. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फाउंडेशन इयर म्हणजे पदवीच्या आधीचं पायाभूत वर्ष. इंग्लंडमध्ये पदवी सहसा तीन वर्षांची असते. ज्यांचे मार्क कमी पडले, लागणारा विषय शाळेत घेतला नव्हता किंवा शिक्षणात खंड पडला, त्यांच्यासाठी आधी एक वर्ष जोडतात. एक आणि तीन, अशी चार वर्षं. त्या वर्षात गणित, अर्थशास्त्राची ओळख, इंग्रजीत निबंध आणि अहवाल कसा लिहायचा, हे शिकवतात. त्याचे मार्क शेवटच्या पदवीत धरत नाहीत. पण ठरवून दिलेल्या मार्कांनी पास झाल्याशिवाय पदवीच्या पहिल्या वर्षात बसू देत नाहीत.

यात वाईट काही नाही. घर सोडून दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या लेकराला पाया पक्का करायला एक वर्ष मिळालं तर चांगलंच. पण ते वर्ष तुमच्या लेकीला लागतं का, हे आधी बघा. भारतातली बारावी तिथली बरीच विद्यापीठं मानतात, आणि चांगले मार्क असतील तर थेट पहिल्या वर्षाला घेतात. किती टक्के लागतात, गणित हवंच का, हे विद्यापीठागणिक बदलतं. आपल्याकडं कॉमर्सच्या पुष्कळ मुली गणिताऐवजी एसपी घेतात. आर्ट्सला तर गणित बहुधा नसतंच. अशा मुलींना अर्थशास्त्राच्या पदवीसाठी फाउंडेशन लागू शकतं. पण गणितात उत्तम मार्क असलेल्या मुलीलाही कुणी फाउंडेशनच घ्यायला लावत असेल, तर "का?" असं विचारलंच पाहिजे.

कारण ते एक वर्ष फुकट येत नाही. तिथल्या स्थानिक मुलांसाठी अशा विषयांच्या फाउंडेशन वर्षाच्या फीवर सरकारनं 2025-26 पासून 5,760 पौंडांची मर्यादा घातली आहे. आपल्या मुलांना ही मर्यादा लागू नाही. बाहेरच्या देशातल्या मुलांकडून किती घ्यायचे ते विद्यापीठ ठरवतं. वर्षाला 15 हजार पौंड धरले तर तो कमीतलाच आकडा समजा. हिशोबाला सोपं म्हणून पौंड 120 रुपयांचा धरू. एका वर्षाची फी झाली 18 लाख.

राहण्या-जेवणाला लंडनबाहेर महिन्याला सुमारे 1,170 पौंड लागतात असं तिथलं सरकारच व्हिसासाठी धरतं. लंडनमध्ये त्याहून जास्त. नऊ महिन्यांचे झाले साडेदहा हजार पौंड, म्हणजे 12 लाख 60 हजार. फी आणि राहणं मिळून एका वर्षाला 30 लाखांच्या वर. त्या जादा वर्षाची किंमत ही आहे. चार वर्षांचे होतात 1 कोटी 22 लाख. तिथल्या आरोग्यसेवेसाठी विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड भरावे लागतात, तेही व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या वर्षांचे एकदम. चार वर्षांचे साडेतीन लाखांच्या वर जातात. व्हिसाची फी आणि विमानाचं भाडं वेगळं.

इथं सल्लागार म्हणतो, "ताई, काळजी कशाला? पोरगी काम करून फेडेल." तोही हिशोब करू. फाउंडेशन विद्यापीठाच्या पदवीचाच भाग असेल, तर कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. पण तो वेगळा, पदवीच्या खालच्या पातळीचा कोर्स असेल, तर फक्त 10 तास. कागदावर दोन्हींचं नाव फाउंडेशनच असतं. 18 ते 20 वयाच्या मुलांसाठी तिथं एप्रिल 2025 पासून किमान मजुरी ताशी 10 पौंड होती. दहा तासांनी चार आठवड्यांचे होतात 400 पौंड, म्हणजे 48 हजार रुपये. गावात बसून ऐकलं तर डोळे दिपतात. पण तिचा महिन्याचा खर्च 1,170 पौंड, म्हणजे 1 लाख 40 हजार. वीस तास काम मिळालं तरी 96 हजारच. त्यात राहणं-जेवणसुद्धा पुरं निघत नाही, फी तर लांबच राहिली. शिवाय काम मिळेलच असं नाही, आणि अभ्यास करायचाच आहे. कमाई पौंडात मोजली तर खर्चही पौंडातच मोजा.

दुसरं आश्वासन असतं, "पदवीनंतर दोन वर्षं तिथं राहून कमवता येतं." हा नियम बदलला आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दीड वर्षच मिळणार. आज फाउंडेशनला गेलेली मुलगी पदवीधर होईपर्यंत चार वर्षं जातील. म्हणजे तिला दीड वर्षाचाच नियम लागू, तोही मध्ये पुन्हा बदलला नाही तर.

तिसरी गोष्ट फार जपून ऐका. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दाखवावा लागतो. "पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त कमिशन द्या," असं कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा. खोटे कागद सापडले तर व्हिसा नाकारतातच, वर दहा वर्षं त्या देशाची दारं बंद होऊ शकतात. शिक्षा लेकीच्या नावावर लागते, सल्लागाराच्या नाही.

मग पैसा आणायचा कुठून? विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज करता येतो. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर बँका सहसा तारण मागतात. म्हणजे घर किंवा प्लॉट गहाण. सरकारी शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण या दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. बारावीनंतरच्या पदवीला किंवा फाउंडेशनला त्या मिळत नाहीत.

मैत्रिणींनो, यातूनच एक दुसरी वाट दिसते. पदवी इथं करायची आणि पुढच्या शिक्षणाला, जमलं तर शिष्यवृत्तीवर, बाहेर जायचं. व्यावसायिक अर्थशास्त्र हा विषय आपल्याकडं बी.कॉम.ला असतोच. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत तो शिकवतात, पुष्कळ ठिकाणी मराठीतूनही शिकता येतो. अर्थशास्त्रात खोल जायचं असेल तर पुण्याला 1930 साली सुरू झालेली गोखले संस्था आहे. दिल्ली विद्यापीठात थेट बिझनेस इकॉनॉमिक्सची पदवी आहे, तिला सीयूईटी परीक्षेतून प्रवेश मिळतो, मात्र गणित लागतं. शिवाय 2024 पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आहे. आपला कोर्स त्यात बसतो का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.

आता त्या गटाचं काय झालं ते सांगतो. गटानं कर्ज नाकारलं नाही. ठराव लिहिला, 'विद्यापीठाचं लेखी उत्तर आल्यावर निर्णय घेऊ.' त्या लेकीनं स्वतः इंग्रजीत ईमेल लिहिला. आमच्यापैकी एकीनं फक्त स्पेलिंग बघितलं. आठ दिवसांत उत्तर आलं. तिच्याकडं बारावीला गणित नव्हतं, त्यामुळं फाउंडेशन खरंच लागणार होतं. सल्लागाराचं तेवढं खरं होतं. पण ते वर्ष विद्यापीठात नव्हतं, एका वेगळ्या कॉलेजात होतं. पदवीचा प्रवेश त्यातल्या मार्कांवर अवलंबून होता. आणि अर्ज करायला विद्यापीठ एक पैसाही घेत नव्हतं. दीड लाख नुसत्या सल्ल्याचे होते.

त्या रात्री मायलेकी हिशोबाची वही घेऊन बसल्या. दुसऱ्या बैठकीत लेक स्वतः आली आणि म्हणाली, "मी बी.कॉम. करते. गणिताची शिकवणी लावते. पुढचं पुढं बघू." गटानं तिला शिकवणी आणि जुन्या लॅपटॉपसाठी 20 हजारांचं कर्ज दिलं. हप्ता ती स्वतः आणून देते. तिच्या डोळ्यांतलं परदेश काही पुसलं गेलेलं नाही, आणि पुसलं जाऊही नये.

ज्यांना झेपतं, ज्यांची लेक तयार आहे, त्यांनी जरूर पाठवावं. आम्ही कुणाची वाट अडवायला आलो नाही. मुलासाठी जमीन विकायला तयार होणारं घर मुलीच्या वेळी लगेच खर्च मोजायला लागतं, हेही आम्ही बघतो. तेव्हा हिशोब दोघांसाठी सारखाच करा. "मुलगी आहे म्हणून नको" हे काही हिशोबाचं उत्तर नव्हे.

कागदावर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या.

पहिला, आमच्या मुलीला फाउंडेशन कशासाठी लागतं? थेट पहिल्या वर्षाला प्रवेश का मिळत नाही?

दुसरा, हे वर्ष विद्यापीठाच्या पदवीचा भाग आहे की वेगळा कोर्स? त्यात किती मार्क मिळाले तर पुढं प्रवेश नक्की?

तिसरा, चारही वर्षांची फी किती? दरवर्षी वाढते का? मध्येच सोडावं लागलं किंवा व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतात?

चौथा, विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं नाव ब्रिटन सरकारच्या परवानाधारक संस्थांच्या यादीत आहे का? ही यादी सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते.

पाचवा प्रश्न सल्लागाराला, तुम्हाला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का? बहुतेकांना मिळतं. मग आमच्याकडून कशाचे घेता? पदवीचा अर्ज यूकास या संस्थेमार्फत विद्यार्थ्याला स्वतः करता येतो, एका अर्जात पाच कोर्स निवडता येतात.

हे पाच प्रश्न गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज आला की ते पान उघडा, आणि त्या बैठकीला लेकीलाही बोलवा. चार वर्षं तिची जाणार आहेत, तर आकडेही तिच्यासमोरच मांडले जाऊ द्या.

पुन्हा भेटू, याच वेळेला. नमस्कार.