उतारवयातील उदासी

(हीरक महोत्सवी आजी-आजोबा मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



उतारवयातील नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मात्र त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. साठीपुढील स्त्रिया, जोडीदार गमावलेले, एकटे राहणारे आणि खेड्यांतील वृद्ध यांच्यात नैराश्य अधिक आढळले. असे आकडे कोणाचे भवितव्य ठरवीत नाहीत. कोणाच्या दाराची कडी आधी वाजवावी, एवढे सांगतात.

वडील गेल्यानंतर माझ्या आईने आधी वर्तमानपत्र सोडले, मग जेवण कमी केले. एवढी शिकलेली मी, 'वयच झाले' म्हणत राहिले. या परप्रांतात शेजारी तिच्या भाषेत बोलणारे कोणी नव्हते, हेही मला उशिरा उमगले. वर्षभराने डॉक्टरांनी औषधोपचार सुरू केले, तेव्हा ती पुन्हा वाचू लागली. ते हरवलेले वर्ष मात्र मी तिला परत देऊ शकले नाही.

म्हणून यापुढे दर शनिवारी आपले ग्रंथालय ज्येष्ठांसाठी खुले राहील. नववीचे विद्यार्थी त्यांच्याशी मराठीत गप्पा मारतील. घरातील कोणी दोन आठवडे सतत उदास दिसले, तर कृपया डॉक्टरांकडे न्यावे. माझ्यासारखी वाट पाहू नये.