अंतराळातून परतल्यावरचे ४५ दिवस



मागच्या काही बैठकांमध्ये एक प्रश्न बऱ्याच जणींनी आम्हाला विचारला. सुनीता विल्यम्स अंतराळातून परत आल्या ते तुम्ही टीव्हीवर, मोबाईलवर पाहिलं. चेहरा हसरा, हात हलवतायत, पण नेलं मात्र स्ट्रेचरवरून. एवढी धडधाकट बाई, तिला चालता का येईना? आजारी होती का? आज त्याचंच उत्तर देतो.

आधी काय घडलं ते थोडक्यात सांगतो. सुनीताताईंचे वडील दीपक पंड्या गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या झुलासण गावचे. सुनीताताईंचा जन्म अमेरिकेतला. ५ जून २०२४ रोजी त्या आणि त्यांचे सहकारी बुच विल्मोर स्टारलायनर नावाच्या नव्या यानातून अंतराळ स्थानकाकडे निघाले. काम साधारण आठ दिवसांचं होतं. पण यानातून हेलियम वायू गळू लागला आणि यानाची दिशा सांभाळणारी काही छोटी इंजिनं बंद पडली. दोन-अडीच महिने तपासणी चालली. शेवटी ऑगस्टमध्ये नासा या अमेरिकेच्या संस्थेने ठरवलं, की या यानातून माणसं आणायचा धोका पत्करायचा नाही. यान रिकामंच उतरवलं.

मग पुढच्या यानात चार जण जायचे होते, त्यात दोघेच गेले. परतीला या दोघांना जागा हवी म्हणून दोन खुर्च्या मोकळ्या ठेवल्या. ज्यांनी आपली जागा सोडली त्या दोघीही बायकाच होत्या, झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन. त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, म्हणून आम्ही आज घेतो. अखेर १९ मार्च २०२५ला, आपल्याकडच्या पहाटे, सुनीताताई फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरल्या. आठ दिवसांचे २८६ दिवस झाले होते.

आता शरीराकडे येऊ. अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ नसते, असं पुष्कळ जणींना वाटतं. ओढ असते, जमिनीवर आहे त्याच्या जवळजवळ ९० टक्के असते. मग माणसं तरंगतात कशी? असं समजा, विहिरीतून पाण्याचा पोहरा वर ओढताय आणि मध्येच दोर तुटला. पोहरा खाली जाईपर्यंत पोहरा आणि त्यातलं पाणी एकाच वेगाने पडतं. तेवढा वेळ पाण्याचा भार पोहऱ्याच्या बुडावर येत नाही. अंतराळ स्थानक असंच सारखं पडत असतं. पण त्याचा पुढे जाण्याचा वेग तासाला २८,००० किलोमीटर, त्यामुळे ते जमिनीवर न आदळता पृथ्वीभोवती फिरत राहतं, दिवसातून १६ वेळा. आतली माणसंही त्याच्यासोबत पडत असतात. म्हणून त्यांच्या पायांवर भार येत नाही.

ऐकायला हे सुख वाटतं. डोक्यावर हंडा नाही, कमरेला कळ नाही. पण जे वापरात नाही, त्यावर शरीर खर्च करत नाही. पायांवर भार नाही म्हटल्यावर पायांचे आणि पाठीचे स्नायू ढिले पडतात. व्यायाम केला नाही, तर खुब्याच्या हाडांचा कस महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरतो. वय झालेल्या माणसाची हाडं जमिनीवर वर्षभरात साधारण जेवढी झिजतात, तेवढी तिथे एका महिन्यात झिजतात. अंगातलं पाणीही वर सरकतं. तोंड सुजल्यासारखं दिसतं आणि पाय बारीक होतात. सुनीताताईंचा एक फोटो पाहून त्या खंगल्या अशी चर्चा उठली होती. तेव्हा त्यांनी तिथूनच सांगितलं, की वजन आले तेव्हा होतं तेवढंच आहे.

ही झीज थोपवायला तिथे रोज दोन-अडीच तास व्यायाम असतो. धावायच्या पट्ट्यावर अंग बांधून घेऊन धावायचं, नाहीतर माणूस पहिल्याच पावलाला वर उडेल. लोखंडी वजन उचलून उपयोग नाही, कारण तिथे लोखंडाचाही भार लागत नाही. म्हणून ताकदीने ओढावं लागेल असं वेगळं यंत्र बसवलंय. त्यावर बैठका मारायच्या, जोर लावायचा. हा व्यायाम कामाच्या वेळेत धरलेला असतो. काम संपल्यावर जमलं तर करा, असं नसतं.

एवढं करूनही माणूस जमिनीवर उतरला की रक्त पायाकडे धावतं, उभं राहिलं की भोवळ येते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी जागा गोंधळलेली असते. म्हणून लांब मुक्काम करून आलेल्या सगळ्यांनाच आधार देऊन, स्ट्रेचरवरून नेतात. सुनीताताईंसोबत उतरलेल्या तिघा पुरुषांनाही तसंच नेलं. तो आजार नव्हता आणि त्यात कमीपणाही नव्हता.

आपले शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ला गेले आणि १५ जुलैला परतले. अंतराळ स्थानकावर राहिलेले ते पहिले भारतीय. त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोग केला, स्नायू का झिजतात यावरही प्रयोग केला. त्यांच्या तुकडीची प्रमुख पेगी व्हिटसन ही ६५ वर्षांची बाई होती. शुभांशू तिथे तीन आठवडेही नव्हते. तरी परतल्यावर हातातला मोबाईल त्यांना जड लागला. पलंगावर बसून काम झालं, तर लॅपटॉप तरंगेल अशा सवयीने बाजूला सोडून दिला आणि तो खाली पडला. हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. परतल्यावर नासाच्या अंतराळवीरांसाठी ४५ दिवसांचा कार्यक्रम असतो, रोज दोन तास. आधी चालणं, अंग मोकळं करणं, स्नायूंना ताकद आणणं. मग तोल आणि दम. शेवटी नेहमीची कामं. हे ४५ दिवस नुसते पडून राहायचे नसतात, आणि पहिल्या दिवसापासून धावायचंही नसतं. सोबत जाणकार माणूस असतो. एवढी काळजी घेऊनही सगळं भरून येतंच असं नाही. १७ अंतराळवीरांच्या एका अभ्यासात, वर्ष उलटल्यावरही नऊ जणांच्या पायाचं हाड पहिल्यासारखं झालं नव्हतं.

तिथे परत येणं हाही मोहिमेचाच भाग धरतात. जाण्याआधीच परतल्यानंतरचे दिवस ठरलेले असतात. ते मागावे लागत नाहीत.

मैत्रिणींनो, ४५ दिवस ऐकून तुम्हाला सव्वा महिना आठवला असेल. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती ही आपल्याच घरातली रीत आहे. शरीर एकदम पहिल्यासारखं होत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पण आज ती रीत किती जणींच्या वाट्याला येते? माहेर असेल तर पहिल्या बाळंतपणाला मिळते. दुसऱ्या-तिसऱ्याला बाई आठ दिवसांत चुलीपुढे दिसते. पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई टाके ओले असताना हंडा उचलते. आणि भोवळ येऊन बसली, तर तिला नाजूक म्हणतात, कामचुकार म्हणतात. सुनीताताईंना स्ट्रेचरवर बघून आपण विचारलं, काय झालं तिला? आपल्या शेजारणीबद्दलही तोच प्रश्न, तेवढ्याच काळजीने विचारायला हवा.

यासाठी सरकारी योजनेची वाट बघायला नको. आमचं सुचवणं साधं आहे. गटाच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारा: या महिन्यात कोण बाळंतीण आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय, कोण मोठ्या आजारातून उठलंय? तिचं पाणी कोण भरणार, जनावरांचं कोण बघणार, त्याच्या पाळ्या रजिस्टरमध्ये लिहा. वजन कधी उचलायचं, चालायला कधी लागायचं, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना तिच्या घरच्यांच्या समोरच विचारा, म्हणजे ते सगळ्यांच्या कानावर जाईल. घरातल्या पुरुषांनाही हा कार्यक्रम ऐकवा.

अंतराळात जाणारी माणसं थोडी. पण शरीर झिजवून परत उभं राहणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांचे ४५ दिवस आपण आधीच ठरवून ठेवू.

तुमच्या गटाने अशा पाळ्या लावल्या, तर आम्हाला जरूर कळवा.